रंगाआधी सहा तास

सकाळी ८.४०. कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. शटर अर्धं वर गेलं की मिस्त्री वाकून आत शिरतात. पहिलं काम कॉम्प्रेसरचं. टाकीच्या तळाचा कॉक सोडला की पिवळसर पाणी फसफसत बाहेर येतं. हे पाणी गनमध्ये उतरलं तर रंगाला फोड येतात. निव्वळ हवा यायला लागल्यावरच कॉक बंद.

९.१०. आजचं काम: पेट्रोल गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड. काळं प्लॅस्टिक, चार वाकड्या नळ्या. पलीकडच्या गॅरेजात इंजिन दुसऱ्याच कामासाठी खोललंय, तर मालकाच्या पोराला हा लाल हवाय. बॉनेट उघडल्याशिवाय दिसणार नाही. असो. अंगावर साच्यातूनच उठलेली अक्षरं आहेत: पीए ६, जीएफ ३०. म्हणजे नायलॉन, त्यात तीस टक्के काचेचे तंतू.

पोरगं म्हणतं, “मामा, सायलेन्सरचा रंग मारा की, तापून जाईल नाहीतर.”

“त्यो रंग पक्का व्हायला दोनशे डिग्री लागत्यात. तवर ह्याचं भजं हुईल. ह्यातनं गार हवा जाती बाबा, धूर न्हाई.”

९.३०. धुणं. हाताखालचा पोऱ्या डिझेलचा डबा उचलतो. मिस्त्री नुसते बघतात. डबा खाली. डिझेलचा ओशटपणा राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड, जुना टूथब्रश. ब्रीदरची नळी इथंच येऊन मिळते, त्यामुळे तोंडाशी काळं चिकट तेल. एक पाणी, दुसरं, तिसरं. पाण्याचे थेंब न होता ते सगळीकडे सपाट पसरलं, तेव्हा कुठं मिस्त्री मान हलवतात.

१०.३०. उन्हात. नायलॉन पाणी पितं, म्हणून पुसून भागत नाही. मधल्या वेळेत एका मोपेडचं मडगार्ड होतं.

११.४०. घासणं. लाल पॅड, पन्नास रुपयांना दोन. चकाकी मारायची, पण खोल ओरखडा नको. दोन नळ्यांच्या बेचक्यात पॅड जात नाही. तुकडा कापून बोटाला गुंडाळायचा. पोऱ्याला पाचशे रुपये हजेरी आहे आणि त्यातला बराचसा भाग या बेचक्यात जातो. तंतू हाताला टोचतात.

१२.३०. टेप. पॅकिंगच्या खाचा, सेन्सरचं भोक, बोल्टच्या पितळी बुशा, सगळं झाकायचं. नळ्यांच्या तोंडात स्पंजचे बोळे. रंगाची खपली आत सुटली तर थेट सिलेंडरात. टेपची कड मिस्त्री स्वतः नखानं बसवतात. हे काम ते पोऱ्यावर सोडत नाहीत.

१.१५. भाकरी, खर्डा, कांदा. पंधरा मिनिटं.

१.४०. आयपीएचं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचं, फडकं एकदाच, एकाच दिशेनं. मग प्लॅस्टिकचा प्रायमर, पातळ. जमिनीवर पाणी शिंपडतात, धूळ बसावी म्हणून.

२.४०. रंग. हार्डनर मापानं घातला की घड्याळ सुरू झालं. उरलेला रंग डब्यातच दगड होतो. मिस्त्री कार्ट्रिजचा मास्क चढवतात. पोऱ्या रुमाल बांधतो. हार्डनरची वाफ रुमालाला जुमानत नाही, हे दोघांनाही माहीत आहे. पहिला हात धुक्यासारखा. दहा मिनिटं थांबायचं. दुसरा ओला. बेचक्यात हवा उलटी फिरते आणि रंग परत तोंडावर येतो, म्हणून तिथं प्रेशर उतरवतात, गन तिरकी धरतात. तरी खालच्या अंगाला एक ओघळ आलाच. मिस्त्री शिवी हासडतात, हळू आवाजात. खालची बाजू आहे, इंजिनकडे जाणार. राहू दे.

३.२०. रंग संपला. चाळीस मिनिटं.

४.००. दिव्यांखाली, साठ डिग्री, अर्धा तास. पोऱ्या गन खोलून थिनरनं धुतो.

५.००. रंग पुरता कडक व्हायच्या आत टेप काढायची, नाहीतर कडेचे तुकडे निघतात. खाच काळी, बाहेर लाल, मधली रेघ सरळ. बघायला बरं वाटतं, खोटं कशाला बोला.

६.१०. पोरगं आलं. “आजच बसवतो.”

“उद्या. आन् पाना जपून लाव, सॉकेटवर टेप गुंडाळ.”

ठरले होते अठराशे. हातात पडले पंधराशे, उरलेले ‘उद्या’. रंग, हार्डनर, प्रायमर मिळून साडेसहाशे गेले होते. पोऱ्याची हजेरी मिस्त्री लगेच काढून देतात.

पोऱ्या नोटा खिशात घालतो आणि मनगट खाजवतो.

“गार पाण्यानं धू,” मिस्त्री म्हणतात. “चोळू नगंस, आत जातंय.”