बालवाटिकेतल्या नव्या बाईंचा पगार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लखनौमध्ये नर्सरी शिक्षिकेचा किंवा बालसंगोपनाचा अभ्यासक्रम पुरा करून नोकरीच्या शोधात निघालेल्या मुलीच्या मनात पगाराचा एक आकडा असतो. प्रवेश घेताना कुणीतरी तो तिच्या मनात भरवून दिलेला असतो. तो फुगवलेला असतो ही तक्रार जुनीच आहे. खरी गफलत हिशेब कुठून सुरू करायचा याची आहे. अभ्यासक्रम किती महिन्यांचा, शुल्क किती भरले, प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का आहे, यावरून ती पगाराचा अंदाज बांधते. या क्षेत्रात पगार ठरतो तो नेमणूक कायद्याच्या कोणत्या कप्प्यात बसते त्यावर. शिक्षिका, कामगार, मानधनी कार्यकर्ती, कंत्राटी कर्मचारी आणि शिकाऊ उमेदवार असे हे पाच कप्पे आहेत. एकाच वयाच्या मुलांना सांभाळणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि भरवणाऱ्या पाच बायका या पाच कप्प्यांत असू शकतात, आणि त्यांच्या पगारांचा एकमेकींशी काही मेळ नसतो.

सगळ्यात पसरलेला गैरसमज असा की एनटीटी, म्हणजे नर्सरी शिक्षिकेचे प्रशिक्षण, केले म्हणजे आपण शिक्षिका झालो, मग सरकारी शाळेत शिक्षकाचा पगार मिळेल. उत्तर प्रदेशात परिषदीय, म्हणजे सरकारी बेसिक शिक्षण परिषदेच्या, प्राथमिक शाळेतल्या सहायक अध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपये आहे. पण त्या पदासाठी डी.एल.एड.सारखी, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेची, पात्रता आणि शिक्षक पात्रता परीक्षा लागते, आणि नर्सरीची पदविका त्या परीक्षेचे दार सहसा उघडत नाही. शाळापूर्व शिक्षणासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने मानलेली पदविका दोन वर्षांची आहे. गल्लोगल्ली मिळणाऱ्या सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या प्रमाणपत्रांना ती मान्यता नसते, आणि जाहिरातीत ही ओळ शोधूनही सापडत नाही. पण समजा, तिने मान्यताप्राप्त दोन वर्षांचीच पदविका घेतली. पुढे काय? २०२४ मध्ये राज्याच्या बेसिक शिक्षण विभागाने प्राथमिक शाळांच्या आवारातल्या अंगणवाड्यांसाठी, म्हणजे बालवाटिकांसाठी, दहा हजारांहून अधिक ईसीसीई (बालसंगोपन व शाळापूर्व शिक्षण) एज्युकेटर नेमायचे ठरवले. पात्रता होती गृहविज्ञानातली पदवी किंवा नर्सरीची दोन वर्षांची पदविका. नेमणूक बाह्यस्रोत संस्थेमार्फत, करार अकरा महिन्यांचा, मानधन दरमहा १०,३१३ रुपये. त्याच सुमारास उत्तर प्रदेशात अनुसूचित उद्योगांतल्या अकुशल कामगारासाठी जाहीर झालेला किमान वेतनाचा दर महिना १०,७०० रुपयांच्या घरात होता आणि कुशल कामगाराचा १३,००० च्या वर. म्हणजे एकाच पटांगणात पहिलीच्या वर्गातल्या बाईंचे मूळ वेतन बालवाटिकेतल्या बाईंच्या तिपटीहून जास्त होते, आणि बालवाटिकेतल्या प्रशिक्षित बाईंचा आकडा अकुशल मजुरीच्याही खाली होता.

इथे लगेच प्रश्न येतो की निदान किमान वेतन तरी कायद्याने मिळायला नको का? खासगी नर्सरीत रुजू होणारी जवळपास प्रत्येक मुलगी हेच गृहीत धरून असते, आणि नेमके इथेच कायद्याचे वळण तिच्याविरुद्ध जाते. किमान वेतन अधिनियम १९४८ मध्ये संरक्षण होते ते कुशल वा अकुशल, शारीरिक वा कारकुनी काम करणाऱ्यांना. हरियाणातल्या विनामान्यता शाळांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवले की शिक्षक या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून राज्य सरकार या कायद्याखाली त्यांचे किमान वेतन ठरवू शकत नाही. त्याआधी १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, सुंदरंबाळ खटल्यात, औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक ‘कामगार’ नव्हे, असा निकाल लागला होता. यामागे शिक्षकी पेशा थोर आहे ही भावना असावी. परिणाम मात्र विचित्र झाला. त्याच नर्सरीत मुलांचे कपडे बदलणारी आया आणि फरशी पुसणारी बाई निदान कागदावर किमान वेतन मागू शकत होत्या, आणि दोन वर्षे शिकून आलेल्या बाईंना ती सोय नव्हती. थोरवीची किंमत अशी वसूल झाली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली आहे. तिने अनुसूचित उद्योगांची जुनी यादी मोडीत काढली आणि कर्मचाऱ्याची व्याख्या रुंद केली. तिच्यात तांत्रिक, प्रशासकीय आणि पर्यवेक्षी कामेही येतात. त्यामुळे पाळणाघरातली काळजीवाहक, प्ले-स्कूलमधली मदतनीस आणि डे-केअरची पर्यवेक्षिका यांची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम झाली आहे. शिक्षक हा शब्द मात्र त्या व्याख्येतही नाही, तेव्हा १९९६ च्या निकालाची सावली पुरती हटली असे म्हणणे घाईचे ठरेल. यातून एक उलटी गोष्ट निघते. नव्या मुलीने नेमणूकपत्रावर ‘टीचर’ लिहून घेण्यासाठी हट्ट धरावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. फक्त पगारापुरते बोलायचे तर ‘केअरगिव्हर’ हे कमी मानाचे पद तिला अधिक कायदेशीर आधार देऊ शकते.

दुसरा मोठा गैरसमज अंगणवाडीचा. ‘आंगनबाड़ी में भर्ती’ निघाली की लखनौच्या मोहल्ल्यांत ती सरकारी नोकरी म्हणूनच बोलली जाते, आणि अर्जांसाठी झुंबड उडते. आता कार्यकर्तीसाठी बारावी उत्तीर्ण असणे लागते, निवड शासन करते, काम शासनाचे आणि नोंदीही शासनाच्याच अ‍ॅपवर. तरीही ती सरकारी कर्मचारी नाही. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे स्पष्ट केले. तिला मिळते ते मानधन. केंद्राच्या योजनेतला कार्यकर्तीचा दर ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० रुपये झाला आणि मदतनीसाचा २,२५०, आणि त्यानंतर सात वर्षे हे आकडे हलले नाहीत. बाकी भर राज्याची. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये कामगिरीशी बांधलेला १,५०० रुपयांपर्यंतचा प्रोत्साहन भत्ता जोडला, आणि सगळे धरून रक्कम आठ हजारांच्या आसपास गेली. महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांनी जवळपास दोन महिने रेटलेला संप जानेवारी २०२४ मध्ये संपला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सेविकांचे मानधन १०,००० वरून १३,००० झाले. काम तेच, योजना तीच, आणि राज्याची हद्द ओलांडली की आकडा बदलतो, याचे कारण प्रमाणपत्रात शोधून सापडणार नाही. ते संघटनेच्या ताकदीत आणि राज्याच्या तिजोरीत आहे.

मात्र सरकारी कर्मचारी नाही म्हणजे कसलाच हक्क नाही, हा उलट्या बाजूचा गैरसमजही तितकाच चुकीचा. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या खंडपीठाने अंगणवाडी कार्यकर्ती व मदतनीस यांना उपदान कायदा, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू असल्याचे सांगितले. अंगणवाडीचे काम अर्धवेळ आहे, हा युक्तिवादही त्या निकालात टिकला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने तर कार्यकर्तीसाठी किमान २४,८०० आणि मदतनीसासाठी २०,३०० रुपये ठरवले. तो आदेश गुजरातपुरता आहे, लखनौच्या कार्यकर्तीच्या खात्यात त्याने एक रुपयाही वाढत नाही. पण या कामाला योग्य मोबदला किती, असे कुणी विचारले तर न्यायालयाच्या कागदावरचा एक आकडा आता हाताशी आहे.

शिकाऊ मुलींबाबत दोन टोकांचे समज आहेत. कुणी म्हणते शिकाऊला काहीच द्यावे लागत नाही, कुणी म्हणते विद्यावेतन तर कायद्यानेच मिळते. दोन्ही अर्धवट आहेत. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून होणारा सराव, म्हणजे शाळेत जाऊन पाठ घेणे, हे शिक्षणच आहे आणि त्याचे पैसे शाळेने द्यावेत असा नियम नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ खाली करार झाला तर मात्र विद्यावेतन बंधनकारक होते. २०१९ च्या सुधारित नियमांनी पात्रतेनुसार ते महिना ५,००० ते ९,००० असे ठरवले होते, बारावीपर्यंत शिकलेल्याला ७,००० आणि पदवीधराला ९,०००. कळीचा शब्द ‘करार’ हा आहे, आणि लहान नर्सऱ्यांत तो बहुधा नसतो. तिथे अभ्यासक्रम संपलेल्या मुलीला ‘ट्रेनी टीचर’ म्हणून वर्षभर पूर्ण वर्ग दिला जातो आणि हातात प्रवासखर्चाएवढी रक्कम ठेवली जाते. ती विद्यार्थिनी नाही, कायद्याने शिकाऊ उमेदवार नाही आणि नोकरदार म्हणून तिचे नावही कुठे नाही. पाच कप्प्यांपैकी एकातही न बसणारी ही जागा सर्वांत धोक्याची.

आता या कामाला चांगला मोबदला मिळावा, या मागणीवरचे आक्षेप. पहिला असा की हे चार तासांचे, आयांचे, घरगुती काम. बायका ते घरी फुकट करतात, त्याला किती द्यायचे? हा आक्षेप घेणाऱ्यांत राज्यसंस्थाही आहे, फक्त ती तो उघड बोलत नाही. पण तिचीच कागदपत्रे तिच्याविरुद्ध साक्ष देतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते की बारावी झालेल्या अंगणवाडी कार्यकर्त्यांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका द्यावी. बालविकास कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी केंद्राने जी राष्ट्रीय संस्था चालवली, तिचे एक प्रादेशिक केंद्र लखनौतच आहे, आणि २०२५ मध्ये त्या संस्थेला सावित्रीबाई फुल्यांचे नाव देण्यात आले. ज्या कामासाठी प्रशिक्षणाची इतकी यंत्रणा उभारायची, ते मोबदल्याच्या वेळी अकुशल कसे ठरते? मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, तेव्हा बालवाडी चालवण्याइतकेच तिथल्या बाई घडवण्यावर त्यांचे लक्ष होते. तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिने अंगणवाडी घेतली, कार्यकर्तीला मात्र स्वयंसेविका ठरवून मानधनावर ठेवले. आजच्या पगाराची बरीचशी मुळे त्या एका निर्णयात आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पालकच शुल्क देऊ शकत नाहीत, मग संचालक पगार कुठून वाढवणार? हा हिशेब खोटा नाही. खासगी प्ले-स्कूलसाठी राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचना वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक काळजीवाहक मागतात. उदाहरणादाखल महिना १,५०० रुपये शुल्क धरले तर वीस मुलांचे ३०,००० होतात. जागेचे भाडे, वीज, खेळणी आणि आयाचा पगार वजा केला की बाईंसाठी दहा हजार उरले तरी पुष्कळ. साठ मुलांच्या वर्गाला एकच शिक्षक, ही काटकसर तीन वर्षांच्या मुलांबाबत चालत नाही, आणि चालवली तर ते पाळणाघर राहत नाही, कोंडवाडा होतो. म्हणून फक्त शुल्कावर चालणाऱ्या लहान नर्सरीकडून सन्मानाच्या पगाराची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे, हे मान्य करायला हवे. पण यावरून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. पहिली ते आठवीचा खर्चही पालकांच्या ऐपतीवर सोडला असता तर तिथेही हेच झाले असते. तिथे शिक्षण हक्क कायदा २००९ आडवा आला, कारण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. तीन ते सहा वयासाठी त्याच कायद्याचे कलम ११ राज्याला व्यवस्था करता येईल एवढेच सांगते, करावीच लागेल असे म्हणत नाही. सहावा वाढदिवस हा मुलाच्या हक्कासारखाच बाईंच्या पगाराचाही उंबरठा झाला आहे.

मोठ्या कंपन्यांची पाळणाघरे हा थोडा वेगळा बाजार आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तिथे खर्च मालकाचा, त्यामुळे नव्या मुलीला पगाराची घासाघीस करायला जागा असते. लखनौसारख्या सरकारी कार्यालयांच्या आणि शाळा-दवाखान्यांच्या शहरात अशा जागा मोजक्याच, हेही खरे.

राहिला शेवटचा समज, आणि तोच सर्वांत चिवट आहे: आज कमी मिळाले तरी चालेल, दहा वर्षे चिकटून राहिले की आपोआप कायम करतील. उत्तर प्रदेशातल्या शिक्षामित्रांनी, म्हणजे प्राथमिक शाळांत मानधनावर शिकवणाऱ्यांनी, ही आशा धरून पाहिली होती. राज्य सरकारने त्यांना सहायक अध्यापक म्हणून सामावून घेतलेही. २५ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आवश्यक पात्रता नसल्याने, ते समायोजन रद्द ठरवले आणि हजारो जण शिक्षकाच्या पगारावरून १०,००० रुपयांच्या मानधनावर आले. अनुभव मोजला जातो, पण ज्या पदाच्या नियमांत तो मोजायची तरतूद आहे तिथेच. म्हणून अकरा महिन्यांचा करार हाती घेणाऱ्या मुलीने संचालकांना पहिल्याच दिवशी विचारण्यासारखे प्रश्न रोकडे आहेत. मालक शाळा की पुरवठादार संस्था? भविष्यनिर्वाह निधीची कपात सांगितलेल्या रकमेतून की तिच्यावर? उन्हाळी सुटीचे पैसे मिळतात का? पत्रावर पदाचे नाव काय? आणि मान्यताप्राप्त पात्रता पुरी करायची तर त्यासाठी रजा देणार का?