घराचा हक्क आणि हक्काचा विमा

घर विकत घेणाराची सर्वसाधारण समजूत अशी असते की, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत नोंदले गेले म्हणजे घर निर्विवादपणे आपले झाले. भारतीय कायदा इतके आश्वासन देत नाही. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार नोंद होते ती दस्तऐवजाची; विकणाराजवळ विकण्याजोगा हक्क होता किंवा नाही, याची हमी त्या नोंदीत नसते. आणि जे आपले नाही ते दुसऱ्यास देता येत नाही, हे तत्त्व तर नोंदणीच्या कायद्याहून कितीतरी जुने आहे. महाराष्ट्रातील सातबारा, तामिळनाडूतील पट्टा किंवा पंजाबातील जमाबंदी यांची गोष्टही वेगळी नाही. या नोंदी प्रामुख्याने महसुलासाठी असून केवळ त्यांच्यामुळे स्वामित्व निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. साठेखत हा तर विक्रीचा केवळ करार होय. मुखत्यारपत्राच्या आधारे होणारे व्यवहार म्हणजे विक्री नव्हे, हे त्याच न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले.

म्हणून वकील मागील तीस वर्षांच्या दस्तऐवजांचा शोध घेतात. १९६३ च्या मुदत अधिनियमाने गहाण टाकणारास मालमत्ता सोडवून घेण्यासाठी तीस वर्षांचा अवधी दिला आहे, हे त्यामागचे एक कारण. परंतु या शोधालाही मर्यादा आहेत. दस्तऐवज करून दिल्यानंतर तो नोंदणीसाठी सादर करण्यास चार महिन्यांची मुदत असते, आणि नोंदणी झाल्यावर तो अंमलात येतो तो मात्र करून दिल्याच्या दिवसापासून. समजा, मालकाने जानेवारीत एकास घर विकले व फेब्रुवारीत तेच घर दुसऱ्यास विकून त्या खताची तत्काळ नोंदणी केली. फेब्रुवारीतील खरेदीदाराला शोधात काहीही आढळणार नाही. तरीही पहिल्याने मुदतीत नोंदणी केल्यास घर पहिल्याचेच ठरते. वारसाहक्काने आलेल्या घरात बहिणीचा हिस्सा असेल, तर त्याचा उल्लेख कोणत्याच खतात नसू शकतो. मूळ कागदपत्रे बँकेत ठेवून केलेले गहाणही नोंदणीवाचून होऊ शकते; अशा गहाणांसाठी २०११ साली केंद्रीय नोंदवही सुरू झाली, ती अवश्य पाहावी.

हक्काच्या विम्याचा जन्म अशाच एका प्रसंगातून झाला. वकिलाचा अभिप्राय चुकल्यामुळे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका खरेदीदाराचे नुकसान झाले; परंतु निष्काळजीपणा घडला नसल्याने व्यवहार पाहणारा मध्यस्थ जबाबदार नाही, असा निर्णय तेथील न्यायालयाने १८६८ साली दिला. १८७६ साली फिलाडेल्फियात असा विमा देणारी पहिली कंपनी निघाली. इतर विमे पुढे घडू शकणाऱ्या आपत्तीचे. हा विमा पूर्वीच घडून गेलेल्या, पण अद्याप उघडकीस न आलेल्या दोषांचा. त्याचा हप्ता सामान्यतः एकदाच भरावा लागतो. मात्र कर्ज देणाऱ्या संस्थेच्या नावाचा विमा त्या संस्थेचेच कर्ज सुरक्षित करतो, घरमालकाची पुंजी नव्हे. शिवाय हा विमा नुकसानीचे पैसे व दाव्याचा खर्च देतो. गेलेले घर परत मिळवून देईलच असे नाही.

भारतात २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या सोळाव्या कलमाने राज्य शासन अधिसूचित करील त्याप्रमाणे जमीन व इमारत यांच्या हक्काचा विमा काढण्याची जबाबदारी प्रवर्तकावर टाकली आहे. जुने घर घेणाराला या कलमाचा उपयोग नाही. विमापत्रातूनही खरेदीदारास आधीच ठाऊक असलेले दोष वगळलेले असतात, आणि ताबेदाराचे हक्कही बहुधा वगळले जातात. घरात राहणारा भाडेकरू कोणत्या अधिकाराने राहतो याची चौकशी खरेदीदाराने केली नसली, तरी त्या अधिकाराची माहिती त्याला होती असेच कायदा धरून चालतो.