अपंग पाहुणा आणि हॉटेलमालकाची जबाबदारी

माझे एक मामा आहेत. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय अधू झाला, तेव्हापासून काखेत कुबडी. साठी उलटली तरी प्रवासाची हौस दांडगी. २०१८ च्या जानेवारीत ते एका तीर्थक्षेत्री गेले आणि तेथील एका लॉजमध्ये उतरले. खोली घेतानाच त्यांनी मॅनेजरला विचारले होते, "न्हाणीघरात धरायला काही आहे ना?" "आहे की, सगळी सोय आहे," असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात दारात सहा इंचांचा उंबरा, आत गुळगुळीत ओली फरशी आणि भिंतीला टॉवेल टाकायची एक दांडी. मामांनी तीच धरली. दांडी हातात आली, मामा पडले, मांडीचे हाड मोडले. मॅनेजर वर म्हणतो कसा, "काका, अशा माणसांनी एकटं येऊच नये."

मॅनेजरला कल्पना नसेल, पण त्याने एक मोठा कायदेशीर प्रश्न उभा केला. हॉटेलवाल्याने काळजी घ्यायची ती कोणाची? फक्त धडधाकट पाहुण्याची, की पैसे देऊन जो कोणी उतरेल त्याची?

निष्काळजीपणाने झालेल्या इजेच्या भरपाईचा कायदा आपल्याकडे एका पुस्तकात बांधलेला नाही. तो निवाड्यांतून वाढला, आणि त्याची मुळे इंग्लंडच्या न्यायालयांत आहेत. तेव्हा जरा लंडनला जाऊन येऊ.

१९५६ साली तेथे एक अंध गृहस्थ पांढरी काठी टेकीत कामावर निघाले होते. वीजमंडळाच्या माणसांनी पदपथावर चर खणला होता आणि लोकांनी तिकडे जाऊ नये म्हणून माती चोपायचे एक लांब दांड्याचे धुम्मस आडवे तिरके टाकून ठेवले होते. डोळसाला ते सहज दिसले असते. अंधाची काठी मात्र त्याला न लागता पुढे गेली. ते गृहस्थ अडखळून पडले, आणि डोळे आधीच नव्हते त्यांची श्रवणशक्तीही गेली. खालच्या न्यायालयांत ते हरले. डोळे असलेल्यांपुरती खबरदारी घेतली होती, तेवढी पुरे, असे ठरले. १९६४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने हा निकाल फिरविला. सुमारे पाचशेंत एक माणूस अंध, असा आकडा न्यायालयापुढे होता. अंध माणसे रस्त्याने एकटी जातात हे साऱ्या शहराला ठाऊक आहे. मग चर खणणाऱ्याने ते ध्यानात धरू नये काय?

'अशांनी एकटं येऊ नये' या बोलण्यातली हवा तेथेच निघाली. कुबडीवाला पाहुणा हॉटेलात येणे हा चमत्कार नव्हे.

मामांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट होती: त्यांनी आधी सांगितले होते. एका डोळ्याने अधू असलेल्या कामगाराचा उरलेला डोळा कामावर गेला, त्या खटल्यात १९५१ साली इंग्लंडात असे ठरले की, मालकाला व्यंग माहीत असेल आणि अपघात झाल्यास त्या माणसाचे नुकसान इतरांहून फार मोठे होणार असेल, तर काळजीही तेवढीच जास्त घेतली पाहिजे. म्हणून माझे सांगणे, खोली ठरवताना आपली अडचण स्पष्ट सांगा, जमल्यास लिहून कळवा. यात संकोच कसला? एकदा कळविले, की 'आम्हाला ठाऊक नव्हते' म्हणायला हॉटेलवाल्याला तोंड राहत नाही.

आता दुसरी बाजू. हॉटेलमालक म्हणजे विमा कंपनी नव्हे. पाहुणा पडला की भरपाई, असा हिशेब नाही. वाजवी काळजी घेतली नाही हे दाखवावे लागते. तळमजल्याची सोयीची खोली देऊ केली असताना पाहुण्याने हट्टाने जिना चढायचा ठरविला, तर दोषाचा काही वाटा त्याच्या पदरात पडेल आणि भरपाई तितकी कमी होईल. हे न्याय्यच आहे.

मात्र भिंतीवरच्या 'मालक जबाबदार नाही' या पाटीला भिऊ नये. दिल्लीच्या एका हॉटेलात नोकरांच्या ताब्यात दिलेली पाहुण्याची मोटार चोरीला गेली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असला छापील मजकूर पुढे करून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. तो मामला मोटारीचा होता, हाडामांसाचा नव्हे; पण मोटारीला जे मिळते ते माणसाला नाकारायचे कोणत्या तोंडाने?

२०१६ च्या अधिनियमात अपंगाला 'दिव्यांग' म्हटले आहे. नाव बदलून उंबरा ठेंगणा होत नाही, पण अधिनियमात कामाचा भागही आहे. लोकांच्या वापरातल्या खासगी इमारतीही त्यात येतात, आणि जुन्या इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. उताराचे साधे प्रमाण एकास बारा. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबीचा उतार पुरतो, म्हणजे गवंड्याचे थोडेसे काम! कायदा मोडल्यास पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंत दंड, पुढे पन्नास हजार ते पाच लाख. हा दंड पडलेल्या माणसाच्या हाती येत नाही. त्याला भरपाई वेगळी मागावी लागते.

ती मागण्याची जवळची जागा म्हणजे ग्राहक आयोग. जेवण्याराहण्याची सोय ही कायद्याने 'सेवा' आहे, आणि इजा करणारा निष्काळजीपणा ही त्या सेवेतली त्रुटी. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी. पावती, न्हाणीघराचे छायाचित्र आणि डॉक्टरांचे कागद त्याच दिवसापासून जपून ठेवावेत. पूर्वी तक्रार हॉटेलच्या गावी जाऊन करावी लागे. मोडल्या पायाने तीनशे किलोमीटरच्या खेपा कोण घालणार, म्हणून मामा गप्प बसले. २०१९ च्या नव्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. तो कायदा अमलात आला २०२० च्या जुलैत; मामांची मुदत जानेवारीतच संपली होती. लॉजची पावती अजून त्यांच्या पंचांगात आहे.