गच्चीवरचा मळा (भाग 6) : बाजारच्या भाजीतलं बी

मागच्या भागात कुंड्यांची माती तयार झाली. आता पेरायचं काय? हैदराबादेत बियाण्याला तोटा नाही, देशातल्या कितीतरी बियाणे कंपन्यांची ठाणी इथंच आहेत. पण मेहदीपट्टणमच्या रैतू बाजारातून भरून आणलेल्या पिशवीतही बी असतंच, आणि ते कचऱ्यात टाकताना हात थबकतो. थबकायलाच हवा. फक्त कुठलं बी धरायचं आणि कुठलं सोडायचं, हे कळलं पाहिजे.

पहिली गोष्ट पक्वतेची. भेंडी, दोडका, काकडी, दुधी, वांगं आपण कोवळं खातो, म्हणजे बी भरण्याआधीच ते तोडलेलं असतं. असलं बी कितीही जपलं तरी रुजत नाही. बियाला राखलेली भेंडी झाडावरच वाळून तडकते, दोडक्याच्या आत जाळी धरते. तशी फळं बाजारात कोण आणणार? टोमॅटो, लाल मिरची, लाल भोपळा मात्र पिकूनच येतात. आणि आपल्या शहरात आणखी एक, दोसकाय.

तेलुगू शेजारणीकडे दोसकाय पप्पू खाल्लं नाही असं मराठी घर इथं विरळा. ही गोलसर, पिवळीजर्द काकडी पूर्ण पिकल्यावरच विकतात, त्यामुळे तिचं बी टणक आणि भरलेलं असतं. चिरल्यावर इथल्या बायका आधी एक फोड जिभेवर ठेवतात. कडू लागली तर अख्खी टाकून देतात. बियाण्याची निवडही तिथंच करावी. गोड निघालेल्या फळाचाच गर काढून धुवायचा, बी सावलीत वाळवायचं. कडू फळाचं एकही बी ठेवू नये.

हे मी आग्रहानं सांगते, त्याला कारण आहे. काकडी-भोपळ्याच्या कुळात परागीभवन मधमाश्या करतात. गोड फळातल्या बियांनाही शेजारच्या शेतातल्या दुसऱ्या जातीचा, कधी बांधावरच्या रानवेलाचा पराग लागलेला असू शकतो, आणि त्या बियांच्या वेलावर कडू फळ येऊ शकतं. या कुळातला कडूपणा म्हणजे कुकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं, आणि ती शिजवूनही जात नाहीत. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचाही सल्ला हाच होता: आधी फोड चाखा, कडू असेल तर फेकून द्या. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याची भीती नको. पण घरच्या वेलाची दोसकाय, दुधी किंवा भोपळा प्रत्येक वेळी चाखल्याशिवाय फोडणीला घालू नका.

टोमॅटोत असलं भय नाही. तिथं प्रश्न आईबापांचा. बाजारातला टोमॅटो बहुतेक वेळा संकरित असतो: दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेली पहिली पिढी. ही सगळी झाडं एकसारखी असतात, आणि त्यासाठीच शेतकरी दर हंगामात नवं बियाणं विकत घेतो. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळतं. तेव्हा आपण काढलेलं बी हे दुसऱ्या पिढीचं, आणि त्या पिढीत आजी-आजोबांचे दडलेले गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. मेंडेलनं वाटाण्यावर हेच पाहिलं आणि 1866 मध्ये छापून ठेवलं. एका झाडाला गोल फळ, दुसऱ्याला लांबट, तिसऱ्याचं आंबट आणि पातळ सालीचं. रोगाला तोंड देण्याची मूळ ताकदही सगळ्यांत उतरेलच असं नाही.

म्हणून काही जाणकार असं बी पेरूच नका म्हणतात. मला ते पटत नाही. व्यापाऱ्याला एकसारखा माल लागतो, गच्चीला लागत नाही. थोडी जास्त रोपं लावा, चवीला आणि प्रकृतीला उजवं ठरलेलं झाड निवडा, त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरा. दर पिढीला हा मिश्रपणा साधारण निम्म्यानं घटतो. पाच-सहा पिढ्यांत बऱ्यापैकी स्थिर झालेला वाण तुमच्या हाती येतो, तोही तुमच्याच गच्चीच्या उन्हात निवडलेला.

बी काढायची रीत सोपी आहे. पिकलेल्या टोमॅटोचा गर वाटीत काढून झाकून ठेवा. बियांभोवतीचा बुळबुळीत लगदा उगवण रोखून धरतो, तो दोनेक दिवसांत आंबून सुटतो. वर फेस आला की पाणी घालून ढवळा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट तरंगतं. तळाचं बी धुऊन स्टीलच्या ताटलीत पसरा. वर्तमानपत्रावर घातलं तर चिकटून बसतं.

मृगाला नामपल्लीच्या मैदानावर माशाच्या प्रसादासाठी गर्दी होते, त्या सुमारास दोसकाय, भोपळा, चवळी पेरावी. टोमॅटोचं रोप गणपतीच्या आसपास टाकावं, म्हणजे फुलोरा थंडीत येतो. चाळिशी ओलांडलेल्या उन्हात टोमॅटोची फुलं गळून जातात.

किराण्यातली मेथी आणि अख्खी चवळी चांगली उगवते. धणा हलकेच रगडून दोन फाकांत फोडायचा, कारण प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. पुदिना आणि मायाळू, म्हणजे इथली बच्चली, यांना बी शोधायचीही गरज नाही. निवडून उरलेली देठं पाण्यात ठेवली की मुळं फुटतात.

राहिली साठवण. मुंबई रस्त्यावर जहिराबादजवळच्या गावांत डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या बायका देशी वाणांचं बी राख आणि कडुलिंबाच्या पाल्यात घालून, टोपली शेणामातीनं लिंपून ठेवतात. आपल्या मूठभर बियाला कागदी पुडी आणि कोरडी बाटली पुरते. पुडीवर भाजीचं नाव, आणलं तो बाजार आणि महिना लिहा, टोमॅटो असेल तर पिढीही. पुढच्या आठवड्यात रोपं टाकू.