‘लू’ : नाव वाऱ्याचे, नाव आजाराचे

वैशाख-ज्येष्ठातील दुपारी उत्तर भारताच्या मैदानांतून जो तापलेला, कोरडा वारा वाहतो, त्याला तिकडे ‘लू’ म्हणतात. पश्चिमेकडून येणारा हा वारा राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश या प्रदेशांतून बिहारपर्यंत जाणवतो. मे-जूनमध्ये त्याचा जोर असतो. तेव्हा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो आणि मोसमी पाऊस आला की हा वारा ओसरतो.

नाव एकाक्षरी असले तरी त्याचे कूळ जाणून घेण्याजोगे आहे. हिंदी कोशकारांनी त्याचे नाते ‘जळणे’ या अर्थाच्या मुळाशी किंवा ज्योत या अर्थाच्या ‘लौ’ या शब्दाशी जोडले आहे. हिंदीत ‘लूक’ म्हणजे ज्वाळा आणि ‘लुकाठी’ म्हणजे पेटते लाकूड. काही वाऱ्यांना दिशेवरून वा ऋतूवरून नाव मिळते; याला मात्र अंगाला बसणाऱ्या चटक्यावरून मिळालेले दिसते. आपणही ‘उन्हाच्या झळा’ म्हणतो, आणि आगीची लागते तीही झळच.

पुढे हेच नाव आजारालाही मिळाले. हिंदीत ‘लू लगना’ म्हणजे उष्माघात होणे. विदर्भातही ‘लू लागली’ असे म्हणतात. इतरत्र ‘ऊन लागले’ म्हणण्याची रीत आहे. या दोन्ही शब्दप्रयोगांत एक समजूत दडलेली आहे : वारा आणि ऊन बाहेर असतात, म्हणून जो बाहेर जाईल त्यालाच ती बाधतात. उन्हात राबणाऱ्यांना धोका असतो हे खरेच. परंतु घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत ही समजूत घातक ठरू शकते.

वाढत्या वयात तहान कमी जाणवते आणि घामही कमी येतो. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी लघवीवाटे पाणी अधिक जाते. कोरड्या हवेत घाम येताक्षणीच सुकतो. त्यामुळे अंगातील पाणी कमी होत असल्याचे ना रुग्णाच्या लक्षात येते, ना घरच्यांच्या. पत्र्याखालच्या वा वरच्या मजल्यावरील बंद खोलीत उंबरठा न ओलांडताही उष्माघात होऊ शकतो. खोलीचे तापमान ४० अंशांपुढे गेले, तर नुसता पंखा गरम हवाच अंगावर टाकतो. कोरड्या हवेच्या प्रदेशात कूलर किंवा वाळ्याचे ओले पडदे अधिक उपयोगी पडतात.

म्हणून तहानेची वाट न पाहता ज्येष्ठांना थोड्या थोड्या वेळाने पाणी, ताक, पन्हे द्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. मधुमेह असल्यास पन्ह्यातील गुळा-साखरेचा विचार करावा. कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. खिशात कांदा ठेवण्याची प्रथा जुनी आहे. मात्र तिच्या भरवशावर पाण्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

अंग तापले आहे आणि बोलणे असंबद्ध झाले आहे, चाल अडखळते आहे किंवा गुंगी आली आहे, असे दिसताच ‘वयामुळे होते’ असे म्हणून थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला थंड जागी निजवावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा; काखेत व मानेवर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही पाजू नये. तापाची गोळी येथे कामाची नाही.

उन्हाळ्याच्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची दुपारी एकदा आणि रात्री निजण्यापूर्वी एकदा अवश्य विचारपूस करावी. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीही धग सोडत असतात.