फेब्रुवारीत घरी भाजी लावताय? मग बाजार बघून बी घेऊ नका!

थंडी ओसरायला लागली की अनेकांना घरी भाजी लावायची हुक्की येते. बाजारात तेव्हा फ्लॉवर, मटार, गाजर, पालक यांचे ढीग असतात. साहजिकच त्यांचंच बी घरी येतं. रोपंही उगवतात. पण मार्चमध्ये ऊन तापलं की पालक फुलोऱ्यावर जातो, फ्लॉवरचा गड्डा धरत नाही आणि ‘आपल्या हाताला यशच नाही’ म्हणत कुंड्या कोपऱ्यात जातात.

खरं तर दोष हाताचा नसतो, वेळेचा असतो. आज बाजारात दिसणारी ही भाजी काही महिने आधीच लावलेली असते. बी निवडताना आजची हवा नाही, पुढच्या दोन-तीन महिन्यांची हवा बघायची.

मग लावायचं काय?

भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारलं, दुधी. ही सगळी उष्णता मानवणारी पिकं आहेत. मात्र गारठ्यात त्यांचं बी नीट उगवत नाही, कुजतं. मुंबई-कोकणात जानेवारीअखेर पेरलं तरी चालतं. नाशिक किंवा विदर्भात रात्रीची थंडी कमी होईपर्यंत थांबा. भेंडी आणि कारल्याचं बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरा. फेब्रुवारीच्या मध्याला लावलेली भेंडी एप्रिलच्या सुरुवातीला तोडायला येते.

पालेभाजी हवी असेल तर लाल माठ किंवा चवळई लावा. टोमॅटोचं मात्र बी न पेरता नर्सरीतून तयार रोप आणा. पारा 35 अंशांच्या वर गेला की त्याची फुलं गळतात, म्हणून फळं त्याआधी धरायला हवीत.

ऊन नीट तपासा

फळभाज्यांना रोज किमान सहा तास ऊन लागतं. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत भरपूर ऊन येतं. मे महिन्याच्या मध्याला मुंबई-पुण्यात तो दुपारी थेट डोक्यावर येतो आणि वर स्लॅब असेल तर त्याच बाल्कनीत सावली पडते. अशा ठिकाणी लवकर येणारी पालेभाजी बरी. वेल गच्चीवर किंवा अंगणात लावा.

कुंडी, माती, पाणी

भेंडी-टोमॅटोला निदान 12 इंच खोल कुंडी हवी, वेलांना त्याहून मोठी. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घ्या. तळाला भोक हवंच. ओली माती जड असते, म्हणून गच्चीवर सगळ्या कुंड्या मध्यभागी न मांडता भिंतीच्या कडेने ठेवा.

याच दिवसांत झाडांची पानगळ होते. तो पालापाचोळा जाळू नका, कुंडीत दोन इंच पसरा. माती लवकर सुकत नाही. बोट खुपसून आत कोरडं लागलं तरच पाणी घाला, शक्यतो सकाळी.

फुलं येतात, फळ का धरत नाही?

काकडी, दोडका, दुधीच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. मधमाश्या येत नसतील तर नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावा. काकडी-कारल्यासाठी हे सकाळी करा. दोडका-दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात.

पहिल्याच वर्षी वीस कुंड्या मांडू नका. भेंडीच्या तीन-चार, माठाची एक आणि काकडीची एक, एवढ्यावर सुरुवात करा.