इंटरप्टांचे अनेक प्रोसेसरांत वाटप

नेटवर्क कार्डापाशी डेटा येऊन पोहोचला, अथवा डिस्कवरील वाचन पुरे झाले, म्हणजे ते उपकरण प्रोसेसरास एक संकेत देते. हातचे काम क्षणभर बाजूस ठेवून आपली दखल घेतली जावी, हा त्याचा हेतू असतो. या संकेतास इंटरप्ट असे म्हणतात. प्रोसेसर एकच असेल तर संकेत कोणाकडे जावा हा प्रश्न उद्भवत नाही. अनेक असता मात्र तो महत्त्वाचा ठरतो. सर्व इंटरप्ट एकाकडेच गेले, तर तो त्यांच्या सेवेतच गुंतून पडतो आणि इतर प्रोसेसर रिकामे असूनही आलेला डेटा खोळंबतो.

लिनक्स प्रणालीत या वाटपासाठी ‘आयआरक्यूबॅलन्स’ नावाची सेवा पार्श्वभूमीत चालविता येते. ती कर्नलचा भाग नव्हे. सामान्यतः दर 10 सेकंदांनी ती जागी होते, कर्नलने ठेवलेली इंटरप्टांची मोजदाद वाचते, आणि भार फार विषम आढळल्यास एखादा इंटरप्ट दुसऱ्या प्रोसेसरकडे वळविण्याची सूचना कर्नलला देते. संकेत प्रत्यक्ष पोहोचविण्याचे कार्य हार्डवेअरचेच राहते. ही सेवा केवळ धोरण ठरविते.

येथे अशी शंका येईल की, प्रत्येक इंटरप्ट पाळीपाळीने निरनिराळ्या प्रोसेसरांकडे धाडल्यास समान वाटप सहज साधेल. तथापि अशा समतेची किंमत मोठी असते. इंटरप्टची सेवा करणाऱ्या प्रोसेसरच्या कॅशमध्ये त्या कामास लागणारी माहिती आधीच आलेली असते. प्रोसेसर वारंवार बदलल्यास ती पुन्हा दूरवरून आणावी लागते. म्हणूनच कोणत्या प्रोसेसरांची कॅश सामाईक आहे आणि कोणते उपकरण कोणत्या स्मृतिविभागास निकट आहे, याचाही विचार ही सेवा करते.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. 10 सेकंदांच्या मोजदादीत काही मिलिसेकंदांचा लोंढा दिसून येत नाही. अनेक एनव्हीएमई डिस्कांच्या बाबतीत इंटरप्टांची जागा कर्नल स्वतःच निश्चित करतो; तेथे बाहेरील सूचना चालत नाही. जेथे विलंब अत्यल्प व निश्चित असणे अगत्याचे आहे, तेथे व्यवस्थापक विशिष्ट इंटरप्ट विशिष्ट प्रोसेसरशी स्वतः बांधतात व ते या सेवेच्या कक्षेबाहेर ठेवतात. अन्यथा पुढच्या फेरीत तीच मांडणी मोडली जाण्याचा संभव असतो.

सारांश, भाराची समता आणि कॅशची निकटता यांत विरोध आहे, आणि त्यांची सांगड घालणे हेच या सेवेचे खरे कार्य होय.